घरून आणलेली खुर्ची

रविवार, ४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्रास कारण दादा. तो समोर बसलाय आणि मी काय लिहिते ते उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करतोय. चष्मा आत राहिलाय, त्यामुळे त्याच्या हाती फार काही लागणार नाही. पण पाकीट चिकटवायच्या आधी तो पत्र मागून घेणार, म्हणून हे पत्र नीट लिहिते.

घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे तसेच. वहिनीने पुढच्या खोलीला फिकट निळा रंग दिलाय, आणि दादा म्हणतो की घरात आल्यावर दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

मतदान ११ मार्चला आहे. दादा तिसऱ्यांदा उभा आहे. पक्षाची परिस्थिती चांगली आहे. (हे वाक्य दादाने सांगितलं.) तू सुरू केलेल्या नदीकाठच्या रविवारच्या बैठका तू गेल्यावरही चालू आहेत, हे तुला कळलंच असेल. मागच्या दोन वर्षांत त्या वाढल्या. आपल्या वॉर्डात बाराशेच्या आसपास मतं आता काठवाल्यांची धरायची, असं कार्यालयात म्हणतात. ही सगळी पूर्वी आपलीच होती. ती कुणाकडे गेलेली नाहीत, नुसती थांबलीत.

काठावर तुझा शब्द मानतात. तेव्हा तू चार ओळींचं आवाहन लिहून पाठवावंस, अशी दादाची इच्छा आहे. दादाला मत द्या, एवढंच. कागदाला घडी नको, म्हणजे छापायला बरं. पोस्टाला सहा दिवस लागतात, तेव्हा लवकर.

दादा म्हणतो, शेवटी लिही, झालं गेलं गंगेला मिळालं. मी म्हटलं, भांडण नदीवरूनच झालंय, दुसरी म्हण शोध. तो शोधतोय.

तुझी,
ताई


सोमवार, ५ फेब्रुवारी

भिंगरे,

कालचं पत्र दादाने वाचलं, एका ठिकाणी हसला, आणि स्वतः पेटीत टाकून आला. हे मी कार्यालयात बसून लिहितेय. सकाळचे नऊ वाजलेत आणि धुकं अजून खिडकीला टेकून उभं आहे. रस्ता दिसत नाही, नुसते आवाज येतात. कुणाची तरी सायकल, कुणाचा तरी खोकला. दहापर्यंत कुणी येणार नाही.

फोन तू उचलत नाहीस. पण पत्रं परत येत नाहीत. सव्वादोन वर्षांत माझं एकही पत्र परत आलेलं नाही, म्हणजे तू ती घेतेस, एवढं मी धरून चालते. उघडतेस की नाही ते तुलाच माहीत. तुझ्या त्या नदी नसलेल्या गावात, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, तू ती कुठे ठेवत असशील याचा मी कधीकधी विचार करते.

आज माझ्यासमोर यादी आहे. बावीस वर्षं मी ही यादी सांभाळते. तू शाळेतून येऊन याच टेबलाखाली बसायचीस. प्रत्येक घर, घरातली माणसं, आणि नावापुढे पेन्सिलीची खूण. भरलेलं टिंब म्हणजे आपलं मत. फुली म्हणजे त्यांचं. मधला पोकळ गोल म्हणजे सांगता येत नाही. डोळे मिटले तरी मी या वॉर्डातून चालत जाऊ शकते. कारखान्याच्या चाळी, मग पिठाची गिरणी, मग शिंप्याच्या घराचा जिना, आणि दर दारावर एक टिंब तरंगत असलेलं दिसतं. गेल्या दोन वर्षांत मी खोडरबराने इतकी टिंबं पोकळ केलीत की काही पानं पातळ झालीत. उजेडासमोर धरली तर पलीकडचं दिसतं.

काच कारखाना बंद पडला तेव्हाही यादीत एवढे पोकळ गोल नव्हते. तेव्हा लोक चिडले, पण चिडून आपल्याकडेच आले, कारण चिडायला तरी आपलं माणूस लागतं. आता ते चिडत नाहीत. दार उघडतात, चहा विचारतात, आणि म्हणतात, दादा चांगलेच आहेत हो, पण काठाचं काय? तिथं गोदामं बांधायच्या ठरावाला पालिकेत त्यांनीच हात वर केला ना?

काल आवाहन पाठव म्हणून लिहिलं. आज लिहिते, पाठवू नकोस.

कारण सांगते. काल सकाळी मी काठावर गेले होते, लांबून बघायला. तुला माहीत आहे तशीच बैठक अजून भरते. पण तू होतीस तेव्हा वीसेक जण असायचे. काल मी दोनशेपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. खुर्च्या मोजल्या, माणसं धुक्यात दिसत नव्हती. जो तो घरून आपापली खुर्ची घेऊन येतो. मंच नाही, पाहुण्यांची वेगळी जागा नाही, पुढची रांग नाही. मला लोकांची घरं आतून पाठ आहेत, त्यामुळे खुर्चीवरून मी घर ओळखते. ती हिरवी फुलांच्या गादीची गिरणीवाल्यांची. ती एक हात तुटलेली, दोरी बांधलेली, फुंकरकाकांची. फुंकरकाका आता ऐंशीचे झालेत. चाळीस वर्षं काच फुंकून त्यांच्या गालांची कातडी सैल झालीय, बोलताना हलते. पाण्याच्या कडेला सगळ्या खुर्च्या अशा मांडलेल्या की जणू घरंच आपल्या भिंती मागे ठेवून नदी बघायला आलीत.

आणि त्यात आपली खुर्ची होती. स्वयंपाकघरातली, खिडकीजवळची. तिच्यावर आई बसली होती.

ती दर रविवारी जाते. गुडघे दुखतात म्हणून बाजारात जात नाही, पण खुर्ची घेऊन काठावर जाते. वहिनीला माहीत आहे, मला माहीत आहे. दादाला माहीत नाही, किंवा तसं तो दाखवतो.

तू म्हणायचीस, ‘जो इथं बसतो तो ठरवतो.’ ते वाक्य आता त्यांचं झालंय. कुणी म्हणत नाही की हे भिंगरीचं. तू पाठवलेल्या चार ओळी तिथं वाचल्या गेल्या, तर ते वाक्य तुझ्याच हाताने मोडेल. दादाचं काय व्हायचं ते होवो. बाराशे नसली तरी त्यातली निम्मी मतं वळली तर तो निवडून येतो, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण यादी माझ्याकडे आहे. तरी लिहितेय. दादाला यातलं काही सांगू नकोस. तू त्याच्याशी बोलतच नाहीस म्हणा.

ताई


मंगळवार, २० फेब्रुवारी

भिंगरे,

परवा काठावर जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगते.

आधी हे सांगायला हवं की दादाने मनावर घेतलं होतं. शनिवारी संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, उद्या मी काठावर जातो, खुर्ची घेऊन, त्यांच्यातलाच एक म्हणून. वहिनी म्हणाली, खुर्ची तुम्ही उचलणार? गेल्या दहा वर्षांत पाण्याचा पेला उचललेला पाहिला नाही मी. पण तो खरंच म्हणत होता.

रविवारी मात्र त्याच्या आधी टेम्पो पोचला. पन्नास लाल खुर्च्या, सभेला मागवतो त्याच, पाठीवर पक्षाचं चिन्ह चिकटवलेल्या. कार्यालयातून कुणीतरी मागवल्या होत्या. टेम्पोवाल्याने त्या त्याच्या पद्धतीने लावल्या, म्हणजे सरळ पाच रांगा, तोंड एका बाजूला, आणि पुढे एक मोठी, हातांची, दादासाठी. दादा रिकाम्या हाताने आला, कारण त्याला निरोप गेला होता की सोय झाली आहे.

कुणी भांडलं नाही, भिंगरे. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. फुंकरकाका उठले, आपली दोरी बांधलेली खुर्ची उचलली आणि चालायला लागले. मग गिरणीवाले. मग सगळे. धुक्यात एकेक खुर्ची उलटी होऊन डोक्यावर जात होती, चार पाय वर, जणू कुठलीतरी शांत जनावरं पाण्यावरून परत चालली आहेत. मी तशी वरात पुन्हा बघणार नाही. शेवटी लाल खुर्च्या राहिल्या आणि दादा राहिला. तो त्या मोठ्या खुर्चीवर बसला नाही, एवढं सांगते. उभाच होता.

आपल्या कार्यालयप्रमुखांना तू विसरली नसशील, शंभर टक्के. पाऊस पडेल का विचारलं तरी शंभर टक्के म्हणतात. ते धावत आले आणि म्हणाले, काही बिघडलेलं नाही, शंभर टक्के सावरू. दादा त्यांना म्हणाला, “तुम्ही आधी या खुर्च्या सावरा.”

तेव्हापासून माझ्या यादीत रोज टिंबं पोकळ होताहेत. जी अजून आपली होती तीसुद्धा. गमतीची गोष्ट ही की फुल्या एकानेही वाढलेल्या नाहीत. त्यांच्या पक्षाकडे कुणी जात नाही. त्यांच्या माणसाला या काठाशी काही घेणंदेणं नाही. गोदामं तर त्यालाही हवी आहेत, उलट जास्त हवी आहेत. हे मी गिरणीवाल्या बाईंना समजावलं. म्हटलं, तुम्ही थांबलात तर तो येईल, आणि मग काठ आणखी लवकर जाईल. त्या म्हणाल्या, “कळतं गं. पण कमी वाईट, कमी वाईट करत आम्ही इथवर आलो ना?”

याला उत्तर काय? तुझ्याकडे आहे?

ताई


शनिवार, ३ मार्च

भिंगरे,

तुझं पाकीट सोमवारी आलं.

सव्वादोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. ‘क’ अजून तसाच काढतेस, पोट पुढे आलेल्या माणसासारखा. आत कागद दोन. एक छापण्यासाठी, घडी न घातलेला. काठावर बसणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती, दादाला मत द्या, तो चुकला आहे पण तो आपला आहे. आणि दुसरा माझ्यासाठी, दीड ओळीचा. ‘ताई, तुझी दोन्ही पत्रं वाचली. तुला योग्य वाटेल ते कर.’

म्हणजे सगळं माझ्यावर टाकून मोकळी झालीस. लहानपणी मार खायची वेळ आली की माझ्यामागे लपायचीस, तसंच.

मी ते पाकीट तीन दिवस शिवणाच्या डब्यात ठेवलं. दुपारी मशीनवर बसले की डब्याकडे बघायची. एकदा डुलकी लागली तर स्वप्न पडलं की नदीवरून माझी यादी वाहत चाललीय, पानं सुटी होऊन, आणि पेन्सिलीचे गोल पाण्यात उतरून हळूहळू मोठे होत काठाला लागताहेत. जागी झाले तेव्हा मशीनचं चाक नुसतंच फिरत होतं.

आता खरं सांगते. मागच्या पत्रात लिहिलं की खुर्च्या कार्यालयातून कुणीतरी मागवल्या. मी मागवल्या. टेम्पोवाल्याच्या चिठ्ठीवर सही माझी आहे.

बावीस वर्षं सभा म्हटली की खुर्च्या मी सांगते, म्हणून सवयीने झालं असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. काठाचा नियम मला पक्का माहीत होता. पण शनिवारी दादा खुर्ची उचलून नेईन म्हणाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो आला. पन्नाशीचा, दम लागलेला, डोक्यावर खुर्ची घेऊन चाळींसमोरून चाललेला, आणि वरच्या गॅलऱ्यांतून लोक हसताहेत. मला ते सहन होईना. आपल्या माणसाला लोकांनी हसू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याला सोय झाली आहे असा निरोपही मीच दिला. हसू नये म्हणून केलं आणि त्याचं पार हसं झालं. नाही, हसंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी मी दोन्ही गोष्टी घेऊन दादाकडे गेले. तो पुढच्या निळ्या खोलीत एकटा बसून भाषणाचा कागद बघत होता. मी आधी खुर्च्यांचं सांगितलं. तो म्हणाला, “माहीत आहे. टेम्पोवाल्याने त्याच दिवशी सांगितलं.” मी विचारलं, मग बोलला का नाहीस? त्याने खांदे उडवले.

मग मी तुझा कागद दिला. पाठवू नकोस असं तुला लिहिणारी मी, मीच तो कागद त्याच्या हातात दिला. माझ्यामुळे झालेलं नुकसान तुझ्या शब्दांनी भरून काढावं, असा हिशोब होता माझा. मला त्याची लाज वाटते, पण दिला.

त्याने तो तीनदा वाचला. पहिल्यांदा उमेदवारासारखा, भराभरा. दुसऱ्यांदा हळू. तिसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून ठेवला होता, तेव्हा वाचत नव्हता, नुसता धरून बसला होता. आपल्याच जेवणाच्या टेबलावर त्याने पक्षातून तुझ्या हकालपट्टीच्या कागदावर सही केली तेव्हा तू समोर होतीस, हे आठवत असेल का त्याला, असं माझ्या मनात आलं. वरून आदेश होता, हे तो तेव्हाही म्हणाला होता. आणि त्याला मनापासून वाटत होतं, अजून वाटतं, की गोदामं आली तर कारखान्यातल्या दोनशे माणसांना काम मिळेल. ठरावाला त्याने हात वर केला तो विकला जाऊन नाही. हे तुला पटणार नाही, पण मी त्याच्याच घरात राहते, मला दिसतं.

कागद त्याने शर्टाच्या खिशात ठेवला. शंभर टक्केंना कुठून वास लागला कोण जाणे, ते काल दोनदा घरी आले. म्हणाले, हा कागद उद्या छापून दारोदार गेला की विषय संपला. दादा म्हणाला, बघतो.

उद्या मतदानाच्या आधीची शेवटची बैठक. तो काय करणार आहे मला माहीत नाही.

ताई


सोमवार, ५ मार्च

भिंगरे,

तुझा कागद छापला गेला नाही. आधी हे लिहिते, बाकीचं नंतर.

काल सकाळी सातला दादा तयार होऊन स्वयंपाकघरात आला. आईची खिडकीजवळची खुर्ची नव्हती. आई आधीच गेली होती. त्या रिकाम्या जागेकडे त्याने पाहिलं. बाकीच्या खुर्च्या वहिनी देईना. म्हणाली, काठावर चिखल आहे, गाद्या नव्या आहेत. शेवटी तो मोरीतलं प्लास्टिकचं स्टूल घेऊन निघाला. कपडे धुताना बसायचं ते, वीतभर उंचीचं. मी मागून दहा पावलं अंतर ठेवून चालले.

गॅलऱ्यांतून लोक बघत होते. दोघं-तिघं हसले सुद्धा. एक म्हातारी वरून म्हणाली, दादा, आंघोळीला नदीवर निघालात का? दादा म्हणाला, नळाला पाणी कुठे देतो आम्ही. त्यावर अख्खी चाळ हसली, आणि भिंगरे, ते हसणं अजिबात लागलं नाही. मी कशाला घाबरले होते, देव जाणे.

काठावर त्याला कुणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. शिंप्याने आपली खुर्ची थोडी सरकवली, तेवढ्या फटीत तो बसला. गुडघे हनुवटीला लागत होते. आई त्याच्यापासून सहा-सात खुर्च्या पलीकडे. तिने त्याच्याकडे पाहिलं, जसं शाळेच्या गॅदरिंगमध्ये बघायची तसं, म्हणजे आपलं पोरगं कविता विसरणार हे ठाऊक असल्यासारखं.

एकेकाची पाळी जात होती. धुकं पाण्यावरून उठत होतं, बोलणाऱ्याचा चेहरा कधी दिसे, कधी नुसता आवाज. दादाची पाळी आली तेव्हा नदीवर कुठेतरी बोटीचं इंजिन चालू होतं, ते लांब जाईपर्यंत तो थांबला. शंभर टक्के मागे उभे होते, त्याच्या खिशाकडे बघत.

दादा म्हणाला, “धाकटीचं पत्र आलंय. मला मत द्या असं लिहिलंय तिने. पण ती आज इथं बसलेली नाही, आणि इथं नसलेल्याने ठरवायचं नाही, हा नियम तिनेच केलाय. ते पत्र माझं आहे. मी ते वाचणार नाही.”

मग तो गोदामांवर बोलला. हात वर केला हे कबूल केलं, का केला ते सांगितलं. म्हणाला, काठाला हात लावणार नाही असं लिहिलेल्या कागदावर तुम्ही माझी सही मागता. आज करीन सही, पण उद्या पक्ष सांगेल तेव्हा मला पुन्हा हात वर करावा लागेल, म्हणजे आजची सही खोटी. खोटी सही एकदा केली आहे मी, पुन्हा करत नाही. मत कुणाला द्यायचं ते तुम्ही बघा.

एवढंच. टाळ्या नाहीत, कारण तिथं वाजवत नाहीत. फुंकरकाकांनी खुर्चीची सैल झालेली दोरी आवळली. मग म्हणाले, “पुढचा.” आणि पाळी पुढे गेली.

घरी येताना स्टूल आईने धरलं आणि तिची खुर्ची दादाने. शंभर टक्के आमच्या मागून चालत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टक्केवारी न सांगता वाक्य पूर्ण केलं. म्हणाले, हे काय केलंत.

ताई


मंगळवार, १३ मार्च

भिंगरे,

दादा पडला. दोनशे बारा मतांनी.

मी मोजणीच्या खोलीत होते, तारेच्या जाळीच्या अलीकडे. टेबलावर तीन गठ्ठे वाढत होते. आपला, त्यांचा, आणि तिसरा कोऱ्या चिठ्ठ्यांचा. दर वेळी तिसऱ्या गठ्ठ्यात तीस-चाळीस असतात, म्हाताऱ्यांच्या चुकलेल्या, नाही तर शाई पसरलेल्या. या वेळी तो वाढतच गेला. स्वच्छ, पांढऱ्या, नीट चार घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. सातशे एकोणतीस. उघडणारी मुलगी प्रत्येक कागद उलटून दोन्ही बाजू बघायची आणि मग हळूच ठेवायची. मला तो आवाज आवडायला लागला होता, हे कुणाला सांगू नकोस.

त्यांच्या माणसाला मागच्या वेळेपेक्षा अकरा मतं कमी पडली. कमी पडून तो आला. नदीकाठच्या नऊ वॉर्डांपैकी सहा ठिकाणी हेच झालं. कुणी आपल्याला हरवलं नाही, आपण विरघळलो. पक्षात आता दोन तट पडलेत. एक म्हणतो, काठवाल्यांचं आधीच ऐकायला हवं होतं. दुसरा म्हणतो, आधीच चिरडायला हवं होतं. दोघांनाही आपलंच खरं वाटतं, आणि दोघंही दादाकडे बोट दाखवतात. खिशात तुझा कागद असताना त्याने तो वापरला नाही, हे आता सगळ्यांना कळलंय.

मी यादी काढून बसले. काठवाल्यांची बाराशे होती. कोऱ्या सातशे एकोणतीस. शंभरएक जण घरीच राहिले असतील. म्हणजे साडेतीनशेच्या वर माणसांनी शेवटी दादालाच दिलं. त्या रविवारी स्टुलावर बसला म्हणून दिलं, असं मला वाटतं. पण पुरली नाहीत. तुझ्या चार ओळींनी आणखी दोनशे तेरा वळली असती का? वळली असती. मी हे तुला खोटं सांगणार नाही.

संध्याकाळी जेवायला सगळे एकत्र बसलो. वहिनी पुन्हा पुन्हा वाढत होती. तेवढ्यात आई म्हणाली, “मी कोरी टाकली रे.”

वहिनीचा हात तसाच राहिला.

दादा म्हणाला, “माहीत आहे.”

“तुला सांगायला पाहिजे होतं म्हणून सांगितलं.”

“बरं केलंस. जेव आता.”

आणि मग ती रडली. काठासाठी नाही, दादासाठीच रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवून दिला, बराच वेळ. मी दादाला मत दिलं होतं. शिक्का मारताना मी दुसरा विचारही केला नव्हता, आणि तरी त्या क्षणी मला आईचा हेवा वाटला. तिने दोन्हींवर प्रेम केलं आणि दोन्हींची किंमत एकटीने दिली.

ताई


बुधवार, २८ मार्च

भिंगरे,

धुक्याचे दिवस संपले. आता सकाळी पलीकडचा किनारा स्वच्छ दिसतो, इतका की तिकडे वाळत घातलेले कपडे मोजावेत.

नव्या माणसाने काठावर मोजणीदार पाठवले. तिघं आले, फीत लावली, खुंट्या मारल्या. रविवारची बैठक आता रोज भरते, पाळ्या लावून. आईला बुधवार आणि रविवार दिलाय. फुंकरकाकांना कुणीतरी विचारलं, कोऱ्या टाकून चूक झाली का? ते म्हणाले, झाली असेल, पुढचा. गिरणीवाल्या बाई मात्र परवा माझ्याकडे आल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, झोप लागत नाही गं.

माझं यादीचं काम गेलं. पक्षाने एका कंपनीला दिलंय, ते फोनवरून विचारतात. शंभर टक्केंनी स्वतः येऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका, माझी पानं तशीही फाटायला आली होती.

दादा उशिरा उठतो. शेव्हिंग करत नाही. पहिले आठ दिवस कुणाशी बोलला नाही, मग एके दिवशी वहिनीला म्हणाला की हा निळा रंग इतका वाईट नाही. काठावर जात नाही. मी विचारलं तर म्हणाला, मत मागायला गेलेला माणूस इतक्यात पुन्हा कशाला जाईल, लोकांना वाटेल पाच वर्षांनंतरची तयारी.

तुझा कागद अजून त्याच्या खिशात असतो. शर्ट बदलला की एका खिशातून दुसऱ्यात जातो. वहिनीने एकदा धुण्यात टाकता टाकता वाचवला. आता त्याला मधोमध घडी पडलीय.

काल दुपारी मी मशीनवर होते. तो दारात येऊन उभा राहिला, थोडा वेळ सुई वरखाली होताना बघत. मग म्हणाला, “तिला पत्र लिही.”

मी विचारलं, काय लिहू?

तो म्हणाला, “काही नाही. आता आपल्याला तिच्याकडून काही नकोय. आता बोलाव.”

तुझी,
ताई